फाटकावरची दुसरी हाक

पुढे जे लिहिले आहे ते घडलेले आहे. मी चाळीस वर्षे भूमापक म्हणून नोकरी केली आणि एवढ्या काळात एकाही नकाशावर अंदाजाने रेघ ओढली नाही. जे मोजता आले नाही, ते कोरे सोडले. इथेही तेच करणार आहे.

आणखी एक. ही घटना रात्रीची नाही. घड्याळात बाराचा ठोका पडल्याशिवाय भूत बाहेर येत नाही असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पूर्ण तयारी आहे. पण आधी त्यांनी हे वाचावे.

मंगळवार, सतरा ऑक्टोबर. दोन वर्षांपूर्वी. दुपारी चारला दहा मिनिटे कमी. ठिकाण, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरचे स्केलविक.

त्या वेळी, त्या ठिकाणी, मी एक हाक मारली.

ती मारायला नको होती...

स्केलविक दर वर्षी लहान होते. गावाचा कडा चिकणमातीचा आहे. समुद्र तो खालून पोखरतो, पाऊस वरून भिजवतो, आणि वर्षाकाठी दोन-अडीच मीटर जमीन निघून जाते. कड्यालगतची पायवाट आम्ही दर वसंतात आत सरकवत असू. खुंट्या उपटायच्या, शेतात चार पावले आत येऊन पुन्हा ठोकायच्या. जुन्या नकाशातली पायवाट आज हवेत आहे.

ह्या पायवाटेवर चालायला लोक सुट्टी काढून येतात. माझी बायको लिनेट त्यांना उतरवून घेई, सकाळी अंडी-सॉसेज खाऊ घाली आणि चार दिवस किनाऱ्याने हिंडवी. कड्याकडचे शेवटचे घर तिचे. शेजारच्या ऑड्री पॉस्किटबाईंच्या मते आमचे पाहुणे म्हणजे "घरी धड खुर्ची नसलेली माणसं."

मीसुद्धा एकदा असाच पाहुणा म्हणून आलो होतो. परत गेलो नाही.

चालणाऱ्यांचा आमच्याकडे एक नियम होता. सर्वांत पुढे वाट दाखवणारा. सर्वांत मागे शेवटचा माणूस. पाहुणे मध्ये. वाटेत शेतांची फाटके लागतात. एखादे उघडे राहिले तर गाई कड्याकडे जातात. म्हणून शेवटच्याने फाटकाची कडी लावायची आणि मोठ्याने हाक द्यायची. ती हाक कानावर पडेपर्यंत पुढच्याने पाऊल उचलायचे नाही.

वीस वर्षे पुढे लिनेट होती. आणि मागे नेव्हिल.

नेव्हिल म्हणजे तिचा पहिला नवरा.

त्याची हाक सगळ्या गावाला पाठ होती. "घातली गं कडी! चल पुढं, राणी!"

एका एप्रिलच्या सकाळी, स्वच्छ उन्हात, लिनेट फाटकातून पुढे गेली. पाहुणे गेले. ती थांबली. मागे कडीचा आवाज झाला. खट्.

हाक आली नाही.

ती थांबून राहिली. नियमच तसा होता. शेवटी तिने वळून पाहिले. मागे फाटक नव्हते. शेताचा तो कोपरा नव्हता. आणि नेव्हिल नव्हता.

तीन दिवसांनी समुद्राने त्याला परत दिले. फाटक दिले नाही.

ही त्या ऑक्टोबरच्या अकरा वर्षे आधीची गोष्ट. मी लिनेटशी लग्न केले ते त्यानंतर पाच वर्षांनी.

मी मत्सरी माणूस आहे. हे आधीच सांगतो, कारण ते वगळले तर पुढचे काहीच समजणार नाही. जिवंत प्रतिस्पर्ध्याशी लढता येते. त्याला टक्कल पडते, तो घोरतो, बायकोचा वाढदिवस विसरतो. मेलेला माणूस यातले काहीही करत नाही. नेव्हिल एकावन्नाव्या वर्षी गेला आणि एकावन्नाचाच राहिला. मी मात्र दर वर्षी त्याच्याहून म्हातारा होत होतो.

घरात त्याचा एकही फोटो नव्हता. असता, तर मी तो केव्हा तरी कपाटामागे सरकवला असता. नसलेल्या फोटोचे काय करायचे?

त्याची जागा मला मिळाली होती. पलंगावरची आणि रांगेतलीही. आता शेवटचा माणूस मी होतो. कडी लावून मी नियमाप्रमाणे हाक देत असे. "फाटक बंद केले आहे."

पाहुणे हसत. त्याचे मला काही वाटत नसे. मला वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचे.

माझी हाक ऐकून लिनेट लगेच निघत नसे...

दोन श्वास थांबे. कधी तीन. मग निघे. प्रत्येक फाटकावर. सहा वर्षे. हाक तर मी दिलेली असे. मग ती कशासाठी थांबे, हे समजायला भूमापक असण्याची गरज नाही.

आणि ती घर सोडायला तयार नव्हती. नगरपालिकेची दोन पत्रे आली होती. कडा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून नऊ मीटरांवर येऊन ठेपला होता. आतल्या बाजूला, आठ मैलांवर, मी एक लहान घर पाहून ठेवले होते. "निघू या," मी म्हणे. "अजून नाही," ती म्हणे. माझे सगळे सहजीवन त्या दोन शब्दांत अडकले होते. ती माझ्याबरोबर निघणार, की समुद्र दारात येईपर्यंत तिथेच बसणार? मी कोण होतो तिचा? नवरा, की वाट पाहताना सोबतीला बसवलेला माणूस?

आता धुक्याविषयी. आमच्या किनाऱ्यावर समुद्राकडून अचानक दाट धुके चढते. त्याला आम्ही फ्रेट म्हणतो. पाच मिनिटांत स्वतःचे बूट दिसेनासे होतात.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, अशाच एका धुक्यात, मी अंगणात उभा असताना...

खट्.

उजवीकडून. समुद्राच्या बाजूने.

बोटीची साखळी असेल, असे मी स्वतःला सांगितले. पुढच्या वेळी चौकशी केली. त्या दिवशी एकही बोट बाहेर पडली नव्हती. मग मी माझ्या पद्धतीने गेलो. धुके पडले की होकायंत्र घेऊन उभा राहू लागलो. एकदा अंगणातून आवाजाची दिशा टिपली. एकदा पॉस्किटबाईंच्या कुंपणापासून. घरी येऊन दोन्ही रेघा नकाशावर ओढल्या.

त्या एकमेकींना छेदत होत्या...

कड्याच्या काठापासून सत्तावीस मीटर बाहेर. हवेत. मी जुना नकाशा त्यावर ठेवला. त्या बिंदूवर, बारीक अक्षरांत, फाटकाची खूण होती.

मी खाली गेलो. लिनेट बटाटे सोलत होती.

"मघाशी बाहेर काही जाणवलं?" मी विचारले.

"वारा असेल," ती म्हणाली.

मी आवाजाबद्दल काही बोललोच नव्हतो. आणि वारा नव्हता.

त्या मंगळवारी आमच्याकडे सहा पाहुणे होते. त्यांतली दोघे जुनी: निवृत्त बेकरीवाला बर्नार्ड ओल्डरॉइड आणि त्याची बहीण म्युरिएल. दोघे नेव्हिलच्या काळापासून दर ऑक्टोबरला येत. दुपारी आम्ही एका झुडुपांच्या कुंपणाआड बसून डबे उघडले.

"डेस्मंड, तुझी ती हाक म्हणजे काय रे!" बर्नार्ड तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "फाटक बंद केले आहे! मला वाटतं, आता मागून कोर्टाची नोटीस येणार."

"गप रे," म्युरिएल म्हणाली. "निदान शुद्ध तरी बोलतो तो. तू दुकानात अर्धी गिऱ्हाईकं शिव्यांनी पळवलीस."

"शुद्ध बोलतो म्हणूनच तर गाई घाबरतात, बाई! त्यांना वाटतं तपासणीला साहेब आले." मग त्याने तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "नेव्हिल कसा... घातली गं कडी! चल पुढं, राणी! काय लिनेट, आलं का जवळपास?"

लिनेट हसली.

माझ्या विनोदांवर ती स्मित करते. ते मला पुरत असे. पण हे हसणे मी आधी ऐकलेले नव्हते. मान मागे टाकून, खांदे हलवत, वीस वर्षांच्या मुलीसारखे. सहा वर्षे मी ज्या घरात राहत होतो, त्या घरात मला कधीच न दाखवलेली एक खोली होती, आणि बर्नार्ड बेकरीवाल्याने ती बूट न काढता उघडली होती.

"तुला नाही जमायचं, बर्नार्ड," ती डोळे पुसत म्हणाली. "राणी म्हणताना त्याचा आवाज फुटायचा. थोडासाच. इथं." आणि तिने स्वतःच्या गळ्याला बोट लावले.

"कसा फुटायचा?" मी विचारले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"जाऊ दे रे, डेस्मंड," लिनेट म्हणाली. "खा तू."

तीन वाजता आम्ही उठलो. उत्तरेकडे, घराच्या दिशेने. समुद्र उजव्या हाताला. मी सर्वांच्या मागे होतो आणि चालताना ओठ न हलवता ती हाक घोकत होतो. राणी. कुठे फुटत असेल आवाज? पहिल्या अक्षरावर? दुसऱ्या?

साडेतीनला क्षितिज नाहीसे झाले. मग काठ. मग माझ्या पुढे चालणारी म्युरिएल.

"सगळ्यांनी पुढच्याची पिशवी धरा!" लिनेटचा आवाज आला. "आणि उजवीकडं पाऊल टाकायचं नाही. बोलणं बंद. बर्नार्ड, तुला सांगतेय."

"मेलो तर बोलू का?"

"मेल्यावर बोल."

कोणी तरी हसले.

पॉस्किटांच्या शेताचे फाटक आले. लाकूड हाताला लागले तेव्हाच ते समजले. एकेक करून सहाही जण पलीकडे गेले. पुढे, वीस-पंचवीस पावलांवर, लिनेट थांबली असणार. मला ती दिसत नव्हती. मीही पलीकडे जाऊन फाटक ओढले. कडी लावली.

खट्.

आता मला हाक द्यायची होती. ती हाक ऐकून ती दोन श्वास थांबणार होती. धुक्यात, उजवीकडे कान देऊन. माझ्या आवाजानंतर, त्याच्या आवाजासाठी.

मला एकदाच पाहायचे होते, ती हाक आली तर ती काय करते.

मी तोंडाभोवती हात धरले.

"घातली गं कडी! चल पुढं, राणी!"

आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बरा निघाला. धुक्याने त्याच्या कडा झिजवल्या. राणी शब्दावर मी तो फोडला. थोडासाच.

बर्नार्डही हसला नाही.

मग लिनेट बोलली...

"किती उशीर केलास रे."

एवढेच. हळू. तक्रार नव्हती त्यात. अकरा वर्षे ताटावर झाकण ठेवून बसलेल्या बाईचा आवाज होता तो. माझ्याशी ती त्या आवाजात कधी बोलली नव्हती. आजवर नाही.

मला माझे उत्तर मिळाले होते. मी तोंड उघडले. मीच आहे गं, चेष्टा केली, असे म्हणणार होतो. खरेच म्हणणार होतो.

तेवढ्यात...

खट्.

उजवीकडून.

माझा हात अजून माझ्या कडीवर होता. कडी हललेली नव्हती.

"घातली गं कडी, राणी..."

समुद्राच्या बाजूने. माझ्या उंचीवरून, जणू तिथे जमीन आहे. आवाज साधा होता, जरा दमलेला. आणि राणी म्हणताना तो फुटला. शेवटच्या अक्षरावर. मी पहिल्यावर फोडला होता.

पुढे बुटांचा आवाज झाला. खडीवरून निघून ओल्या गवतावर गेला. थप. थप. थप.

लिनेट उजवीकडे चालली होती.

"लिनेट! थांब!" मी ओरडलो.

पावले थांबली.

"कोण?" तिने विचारले.

"मी! डेस्मंड!"

"मग आधीची हाक कोणी दिली?"

"मी... मीच दिली. चूक झाली. मागं फिर."

"आणि त्याच्या नंतरची?"

मी इथे थांबलो. किती वेळ, ते मोजलेले नाही.

खरे सांगावे तर ती त्याच्याकडे जाणार. खोटे सांगावे तर कदाचित परत येईल. गावातल्या पाद्रीबाबांना मी नंतर सांगितले की तिचा जीव वाचवायला मी खोटे बोललो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे की त्या क्षणी मला तो नको होता. त्याचा आवाजसुद्धा नको होता. अकरा वर्षांनी त्याला जे सुचले, तेही मला माझ्या नावावर करून घ्यायचे होते.

"तीही मीच," मी म्हणालो.



"खोटं बोलतोस," लिनेट म्हणाली. रागाने नाही. मुलाला सांगावे तसे.

थप. थप.

मी फाटक सोडून पावलांच्या आवाजाकडे धावलो आणि जवाच्या धसकटांत तोंडावर पडलो. उठलो. दिशा गेली होती. ज्या माणसाने चाळीस वर्षे लोकांच्या जमिनींना दिशा दिल्या, त्याला स्वतःच्या बायकोकडे जायची दिशा सापडेना. "लिनेट!" मी ओरडत होतो. "लिनेट, मी आहे! मी!" आणि ओरडतानाच मला कळत होते की ह्या आवाजाला आता काही किंमत उरलेली नाही. तो मी स्वतः खोटा करून ठेवला होता.

पावले थांबली. अगदी काठाशी. सुटलेले मातीचे खडे खाली घरंगळत गेल्याचे मला ऐकू आले.

मग...

बोलणे.

पुरुषाचा आवाज. अगदी हळू, एका उशीवरून दुसऱ्या उशीवर बोलल्यासारखा. मी श्वास रोखला. शब्द कळेनात. चार असतील, पाच असतील. नक्की सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

मग लिनेट म्हणाली, "बरं."

आणि पावले परत येऊ लागली.

ती धुक्यातून माझ्यापासून हातभर अंतरावर बाहेर आली. बूट घोट्यापर्यंत पिवळ्या मातीने माखलेले. चेहरा ओला, पण त्या धुक्यात सगळ्यांचेच चेहरे ओले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला ओलांडून ती रांगेच्या पुढे गेली.

"मोजा रे सगळे," ती म्हणाली. "एक."

दोन, तीन, चार, कापऱ्या आवाजात लोक बोलत गेले. आठ म्हणणारा मी. कोणी वाढले नव्हते, कोणी घटले नव्हते. आम्ही घरी आलो.

संध्याकाळी मी गावातल्या पबमध्ये जाऊन बसलो. लिनेटसमोर बसवेना. थोड्या वेळाने बर्नार्ड माझ्या टेबलाशी आला. नेहमीची बडबड नव्हती.

"डेस्मंड, एक सांगू? राग मानू नकोस."

"बोल."

"असली चेष्टा त्या बाईबरोबर करायला नको होतीस."

"माहीत आहे."

"पण नक्कल मात्र..." त्याने ग्लास फिरवला. "पहिली जरा कच्ची होती. दुसरी हुबेहूब. माझ्या अंगावर काटा आला बघ. आणि तो आवाज तिकडून कसा काढलास रे? फाटक तर मागं होतं."

वाचकांपैकी जे म्हणतील की दुसरी हाक माझ्या मत्सराने माझ्याच कानात निर्माण केली, त्यांनी बर्नार्डला विचारावे. म्युरिएललाही. ती अजूनही मला पत्रात ख्रिसमसच्या शुभेच्छांखाली लिहिते की असे कोणाशी पुन्हा करू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके गेले होते. मी मोजपट्टी घेऊन काठावर गेलो. तिच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. पायवाटेपासून सरळ काठापर्यंत. शेवटचा ठसा काठापासून अकरा सेंटिमीटर. तिथे टाचा फिरलेल्या. मग परतीचे ठसे.

तिच्यासमोर, तिच्याजवळ, दुसऱ्या कोणाचे ठसे नव्हते.

मी गुडघ्यांवर बसून शोधले. दोनदा.

घरी आलो तेव्हा ती ओसरीत बसून बूट घासत होती. वाळलेली माती वर्तमानपत्रावर पडत होती.

"काय म्हणाला तो?" मी विचारले.

ती घासत राहिली.

"लिनेट. काय म्हणाला?"

"तुला कशाला हवंय?"

"मी नवरा आहे तुझा."

"तोही."

मी उंबऱ्यावर उभा होतो. आत जावे की बाहेर, कळेना.

"ये म्हणाला असता तर गेली असतीस?"

"पण म्हणाला नाही ना."

"मग काय म्हणाला?"

तिने ब्रश खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

"काल तुम्ही दोघंही माझ्याशी बोललात, डेस्मंड. दोघांतला एकच खोटं बोलला. त्यामुळं तू विचारू नयेस हे बरं." मग ती उठली, माती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ते आतलं घर अजून रिकामं आहे का? चौकशी कर. निघू या आपण."

मला सहा वर्षे हेच हवे होते.

सहा वर्षांत माझ्याने जे झाले नाही, ते त्याने चार-पाच शब्दांत केले. त्याने तिला कड्यावरून माघारी पाठवले. माझ्याकडे. मी ते विसरू शकत नाही, आणि त्याला क्षमा करू शकत नाही. हिसकावून घेतलेली वस्तू आपली होते. कोणी उदार मनाने परत दिलेली वस्तू कधीच पुरती आपली होत नाही. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर मी तयार आहे.

आम्ही मार्चमध्ये आलो. हे घर विटांचे आहे, भक्कम. इथे समुद्र ऐकू येत नाही. लिनेट सुखी आहे. खरोखर सुखी आहे. मी लक्ष ठेवून असतो. बाग करते, शेजारणींशी गप्पा मारते, शांत झोपते. माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने वागते. एक गोष्ट सोडली तर सगळे ठीक आहे.

मी दुसऱ्या खोलीतून तिला काही म्हणालो की ती लगेच उत्तर देत नाही.

आधी विचारते, "कोण?"

घरात आम्ही दोघेच राहतो. "मी," मी म्हणतो. मग ती बोलते. चष्मा कुठे आहे, जेवायला काय करू, काहीही असो. आधी कोण, मग मी, मग उत्तर. मी तिला एकदा विचारले की असे का करतेस. ती म्हणाली, "विचारलेलं बरं असतं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

गेल्या गुरुवारी, दुपारी, मी मागच्या अंगणात सफरचंदे वेचत होतो. धुके नव्हते. लख्ख ऊन होते. खिडकी उघडी होती. आत लिनेट कपड्यांना इस्त्री करत होती.

मला तिचा आवाज आला...

"कोण?"

मी काही बोललो नव्हतो.

मी टोपली हातात धरून तसाच उभा राहिलो. पुढचे ऐकायला. इस्त्री ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि मग आत ती हसली. मान मागे टाकून हसल्यावर येतो, तसा आवाज होता तो.

मी आत गेलो नाही. ऊन उतरेपर्यंत अंगणातच बसून राहिलो. ती मला हाक मारील, याची वाट पाहत.